एकेचाळिसावी खेप

लिएपायात पहाटेचे दोन.
गुंडार्सने लॅपटॉप पुन्हा गादीवर सोडला.

टेबलावर असला की सेन्सर सांगतो
शून्य, शून्य, एक हजार.
म्हणजे पृथ्वी आहे, आणि खालीच आहे.
हातातून सुटला की तिन्ही आकडे शून्य.
पडणाऱ्याला वजन नसतं
हे शाळेत घोकलेलं,
आज स्क्रीनवर ओळीने उतरलं.

गादी येण्याआधी
चकतीवरचं हेड उचलून बाजूला घ्यायचं,
कर्नलला एवढंच शिकवायचंय.

त्यात या मॉडेलची चिप कारखान्यानेच उलटी डकवलेली;
डावीकडे कलंडलं की उजवं म्हणते.
त्याने यादीत एक ओळ वाढवली,
ओळीत एक वजा चिन्ह.
पडण्याला त्याने काही फरक पडत नाही.
पण डावं ते डावं.

बेल वाजली.
खालच्या मजल्यावरच्या वेल्टाबाई,
गाऊनवर ओव्हरकोट, पायात एकच सपाता.
तो माफीचे शब्द जुळवतोय
तोवर त्यांनी हंसपिसांची उशी पुढे केली.
"जाड आहे. घे.
आणि उद्यापासून काय पाडायचं ते दहाच्या आत पाड."

बेचाळीस.
उशी गप्प.
आतून फक्त, बारीक,
टक्.