कोकिळा, इयत्ता पहिली

तक्त्याच्या शेवटच्या रांगेत, ह संपल्यावर,
क्षच्या आधी अंग चोरून बसलेला
ळ.
त्याच्यापासून एकही शब्द सुरू होत नाही.
बाकीच्यांच्या घरात गवत, मगर, छत्री.
याच्या घरात छापणाऱ्यानं बाळ काढलंय
आणि पायाशी बाण :
इथं बघा, शेवटी.

वाळव्याच्या अलीकडं, कारखान्याच्या मागं
आमची साखरशाळा. पत्र्याची एक खोली,
खिडकीच्या जागी जाळी.
जाळीतून मळीचा वास येतो,
आणि वारं फिरलं की
नदीकडच्या रानात शिजणाऱ्या हळदीचा.
पटावर सव्वीस. हजर चौदा.
बाकीची रस्त्याकडेला वाढं विकतात
किंवा कोपीत धाकट्याला धरून बसतात.

ळ सोपा, असं मला वाटायचं.
हळद आहे, मळी आहे,
मोळी तर तुमच्या आयांच्या डोक्यावरच आहे, म्हटलं,
म्हणा, मोळी.
जामनेरकडून आलेली एक पोर म्हणाली,
"मोयी."
मोळी.
"मोयीच म्हनते मी."
फळा? फया. डोळा? डोया.
नाव काय गं तुझं?
हजेरीत मीच लिहिलं होतं, आजीचं नाव नातीला.
"कोकिया."

जीभ वर वळव, मी म्हणाले,
टाळूला लाव, हळूच सोड.
वळव, टाळू, हळू :
सांगण्यातच तो तीनदा येऊन गेला
आणि मला कळलंही नाही.
बीडची पोरं हसली, त्यांना येत होता.

मग ती त्या शब्दांना वळसा घालू लागली.
नळावर जायचं तर नुसता तांब्या दाखवायची.
खाऊला केळी आली त्या दिवशी
"बाई, मला ते..." म्हणून थांबली.
ते काय?
"पिव..."
तिथंही तो दबा धरून.
"सोलाचं ते," म्हणाली शेवटी,
आणि सालासकट मुठीत धरून बसली.
त्या रात्री मला जेवण गेलं नाही, असं काही नाही.
जेवले. पण भांडी घासताना
मी मोठ्यानं य म्हणून बघितला, मग ळ,
मग पुन्हा य.
य बरा वाटला. मऊ.

दुसऱ्या दिवशी तोंडाचं नावच काढलं नाही.
पाटीवर काढला :
मधे उभी काडी, एक वेटोळं डावीकडं, एक उजवीकडं,
डोक्यावर रेघ.
ती बराच वेळ बघत राहिली.
"बाई, ही आमची गाडी हाये."
कशी?
"हे दोन टायर. वर जू."
आणि बैल?
"सोडले. पानी पाजाले नेले."

पंधरा वर्षं शिकवतेय मी.
याच्यापासून शब्द का सुरू होत नाही
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
पुढं कुणीतरी जुंपावं लागतं.

मी को लिहिला, कि लिहिला. घे, तुझे बैल.
"कोच्या शिंगाले गोंडा हाये," ती म्हणाली.
तिनं गाडी जोडली.
डावा टायर मोठा, उजव्यात हवा कमी.
शेवटी काना दिला, जरा लांब.
हा कोण?
"माय. मांगून चालते."

वाच बघू.
"कोकिया," तिनं वाचलं,
ळवर बोट ठेवून, अजिबात न अडखळता.

मार्चच्या शेवटी पट्टा पडला. गाड्या गेल्या.
तक्ता भरायला आला :
अक्षर ओळख, लेखन, उच्चार.
पहिल्या दोन घरांत बरोबरची खूण केली.
तिसऱ्यात पेन टेकवलं, तिथं एक ठिपका उमटला,
तो तसाच गेला वरती.

परवा केंद्राच्या बैठकीत, इस्लामपूरला,
पाच वाजले तसं मी म्हणाले,
चला, वेय झाली.
सगळ्यांनी माना वर केल्या.
पंखा फिरत होता.
मी पर्स उचलली.