चाळीस की साठ

दुकानात शिरताच तिनं काउंटरवर दोरी ठेवली.
निळी, नायलॉनची, टोकाजवळ एक गाठ.
"होडीच्या पाठफळीची उंची," तेनिंग म्हणाली,
"पोरगा झोपल्यावर मोजली."
मी टेप लावला. एक्कावन्न सेंटिमीटर. म्हणजे लांब दांड्याचं मशीन.
सगळ्या जोआलमध्ये हे मोजून आणणारी ती पहिलीच.
बाकीचे नुसती ताकद विचारतात, मग पंखा अर्धा हवेत फिरतो
आणि शिव्या मला पडतात.

होडी तेरा मीटरची, नऊ माणसं, बर्फाची पेटी, जाळी.
पैसे तिचे, अकरा वर्षांच्या धुरातले.
भट्टीवर कोबो मासे पालथे करता करता
तिच्या बोटांची कातडीही तशीच तांबूस झालेली.
नोटांनाही तो वास. मोजताना मला शिंक आली.

मी दोन्ही बाजू मांडल्या, रोज मांडतो तशा.
फोर-स्ट्रोक : आवाज कमी, पेट्रोल कमी,
पण जड, आणि बिघडलं की पार्ट डाकारहून, देवाच्या मर्जीनं.
टू-स्ट्रोक : पेट्रोलचा भस्म्या झालेलं, तेल मिसळा, धूर गिळा,
पण किनाऱ्यावरचं कुठलंही पोरटं
एका पान्यानं त्याला पुन्हा बोलतं करतं.
"बोलतंच दे," ती म्हणाली. "गप्प यंत्राचा मला भरवसा नाही.
पहाटे भट्टीपाशी बसून मी आवाजावरून ओळखते
कोण आलं ते."

मग दिएगान बोलला. इतका वेळ दारातच होता.
"चाळीस नको. साठ."
चाळीस घोडे, साठ घोडे.
"समुद्रात घोडे कसले," ती म्हणाली,
पण हसली नाही.
मासे आता लांब गेलेत, तो म्हणाला. खरं आहे.
मोठी जहाजं एका रात्रीत तळ खरवडून नेतात. तेही खरं.
"किती लांब?" तिनं विचारलं.
त्यानं तोंड माझ्याकडं वळवलं :
"साठला तासाला किती लागतं? आणि जादा पिंपं घेतली तर किती दिवस?"

बावीस वर्षं मी मोटारी विकतोय.
मासेमार विचारतो, परत यायला किती उरेल.
नुसतं जाण्याचं विचारणारे वेगळे.
ते घासाघीसही करत नाहीत.

तेनिंग दोरी बोटाला गुंडाळत होती,
सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती.
"मासार, साठ आहे का तुझ्याकडं?"

होतं. मागच्या खोलीत, खोक्यात, ताडपत्रीखाली.
दोन लाख फ्रँक जादा सुटले असते,
आणि माझ्या छपराचा पत्रा गेल्या वर्षीपासून उघडा.
"संपलं," मी म्हणालो.
दिएगाननं ताडपत्रीकडं पाहिलं,
मग माझ्या चपलांकडं.

"चाळीसच," ती म्हणाली, आणि पदर खोचावा तसं
डोईचं फडकं घट्ट करून बसली.
तासभर माझं रक्त काढलं.
दोन स्पार्क प्लग, पेट्रोलची नळी, पंख्याची जादा पिन,
वर माझ्याच किटलीतला तिसरा चहा,
सगळं फुकटात नेलं.
घोडागाडीवर मोटार चढवली. एका मरतुकड्या घोड्यामागं
चाळीस घोडे आडवे निजून निघाले.
दिएगान गाडीत बसला नाही. मागून चालत गेला.

गुरुवारी म्बूरहून दोघं आले.
साठ पाहिजे, म्हणाले. मी किंमत सांगितली,
त्यांनी नोटा ठेवल्या. नव्या, कसलाच वास नसलेल्या.
पावतीवर नाव काय लिहू?
"लिहा काहीही."
मी ताडपत्री काढली.

छपराला पत्रा आला.
झोप मात्र पहाटे तीनलाच उघडते, मग मी किनाऱ्यावर जाऊन बसतो,
भट्ट्यांच्या जरा अलीकडं, तेनिंगला दिसणार नाही असा.
तिचं चाळीस मला आता ओळखू येतं :
वळताना दोनदा खोकतं, मग लागतं.
साठचा आवाज कसा असतो
मला माहीत आहे.
अजून ऐकू आलेला नाही.