जोड

महापुराच्या साली कृष्णाघाटाजवळच्या खोलीत
बाबालालचे एकशे चाळीस भोपळे
पाण्याबरोबर पत्र्यापर्यंत चढले
आणि पाणी ओसरल्यावर खाली बसले
आपापल्या जागा बदलून.
बुडाला एकही नव्हता.
सतारीच्या कामाचा मात्र एकही उरला नव्हता.
मी पंचनाम्यासाठी फोटो काढत होते.
तो म्हणाला, पद्मावती,
रुद्रवीणेला दोन भोपळे कशाला असतात, सांग.
मी म्हटलं, मी मोटरी भरते बाबा, मला काय विचारतोस.

तिथून तो जो बोलायला लागला
तो दोन वर्षं थांबला नाही.
एक रुंद होडी पाणी ढकलत बसते.
दोन अरुंद घे, मधे दांड्या टाक,
त्या पाणी नुसतं चिरतील,
आणि आत झोपलेला माणूस कूस बदलला
तरी नदीला कळणार नाही.
अठरा फूट. दोघांपुरती झोपायची फळी.
चहाचं सामान. बास.

खर्च माझ्या दोनशेपानी वहीत.
सहा मिलीचा प्लाय, अकरा ताव.
रेझिन, पुण्याहून, बसच्या टपावरून.
कडा शिवायला तांब्याची तार:
ती माझीच, जळून आलेल्या पाणबुडी मोटरींची,
आरगच्या द्राक्षमळ्यातली, बेडगच्या बोअरमधली.
तिथं मी शून्य लिहिलं.
नवऱ्यानं विचारलं, किती गेले?
मी शून्याचं पान उघडून दाखवलं.

हरिपूरचा सिद्राम अंबी आला,
शर्यतीत तीस वर्षं वल्हं मारलेला माणूस.
भोवती एक फेरी मारून म्हणाला,
पाच हॉर्सपॉवर लाव की गं बाई, कशाला लाजतीस?
मी म्हटलं, आधी वजन काढायचं, मग ताकद मागायची.
नाहीतर ढुंगण बसतं, नाक वर होतं,
पैसे पुढं जातात, होडी जात नाही.
म्हणून दाराच्या जागी पडदा आला.
लोखंडी पेटीच्या जागी पत्र्याचा डबा.
बाबालालला म्हटलं, तूही चार किलो उतर.
तो दोन उतरला.

ई-रिक्षाच्या दोन मोटरी, एकेका अंगाला एकेक.
चार बॅटऱ्या, एकापुढं एक जोडलेल्या.
कुपवाडच्या बंद कारखान्यावरचे सोलर
छप्पर म्हणून आडवे टाकले.
वीस अँपिअर खेचले तर अडीच तास,
कारण निम्म्याखाली उतरायचं नाही,
हे मी त्याला पाच वेळा सांगितलं.
त्यानं पाचही वेळा विचारलं,
आणि ऊन असेल तर?

पाण्यात सोडली तेव्हा ती डावीकडं कलली.
बॅटऱ्या डावीकडं, स्टोव्ह डावीकडं,
बाबालालही डावीकडं.
घाटावरची पोरं हसली.
आम्ही दोन बॅटऱ्या पलीकडं नेल्या
आणि त्याला मधे बसवलं.

मग निघालो, तर सरळ जाईना.
सुकाणू धरून माझा खांदा भरून आला.
तो डोळे मिटून बसलेला.
डावी चढी आहे, म्हणाला.
काय?
डावी मोटर. सुतभर. ऐक,
दोन्हींच्या आवाजात लाट येतीय,
येतीय, जातीय.
तंबोऱ्याची जोड लागली नाही की अशीच येते.

माझ्या मीटरला दोन्ही सारख्याच दिसत होत्या.
मी डावीचा नॉब थोडा मागं घेतला.
अजून.
अजून केसभर.
थांब.

लाट गेली.
एकच आवाज उरला, फळ्यांतून पायाला लागणारा,
आणि मी सुकाणू सोडून दिलं,
अंकलीचा पूल नाकासमोर
हळूहळू मोठा होत राहिला.

सांगलीचा बंधारा तिकडं, म्हैसाळचा इकडं,
आमचा सगळा समुद्र एवढाच.
बाबालालला तो पुरतो असं नाही,
बंधाऱ्यावरून होडी उचलून कशी न्यायची
याचं चित्र त्यानं माझ्याच वहीच्या मागं काढलंय.

नांगर अजून घेतलेला नाही.
सध्या दोरीला पाटा बांधलाय, आमच्याच घरचा.
तेवढा एक खर्च
मी कुठंच लिहिलेला नाही.