दीड तास

सूरच्या टेकडीमागं, तीन नंबरच्या पंपघरात
मी मेनू उघडतो.
काय नोंदवायचं: बाहेर जाणाऱ्या पाण्याचं प्रेशर.
किती वेळानं: दर दहा सेकंदांनी.
किती दिवस ठेवायचं: नव्वद.
भरलं की? जुन्यावरून लिहीत जा.
हे सगळं परकारांनी आधीच भरलेलं.
मी नुसता खाली सरकत जातो,
परक्या स्वयंपाकघरात डबे उघडून बघावेत तसा,
मीठ कुठं, साखर कुठं.

शरफुद्दीन परकार, मुक्काम बाणकोट,
बावीस वर्षं या पॅनेलपुढं.
डिसेंबरात गेले, दोन बॅगा आणि गुडघ्याचा पट्टा घेऊन.
दाराच्या आतल्या अंगाला पेन्सिलनं पासवर्ड लिहिलाय,
देवनागरी आकड्यांत,
म्हणजे इथं कुलूपच.

तक्रार अशी, की पहाटे प्रेशर पडतं.
इतिहास उघडतो. रेघ सरळ, सरळ,
मग पाच चाळीसला एक खळगा.
अर्धा बार खाली, पंधरा मिनिटं, पुन्हा वर.
काल पाच एक्केचाळीस. परवा बेचाळीस.
मागं मागं जावं तर खळगाही सरकत जातो,
फेब्रुवारीत पोचतो सातला पाच कमीवर.
मधले तीस दिवस तो चांगला पसरट.
झडप गळत असती
तर अशी कॅलेंडर पाहून गळली नसती.

खमीस मागं उभा, तोंडात खजूर.
पाच चाळीसला कोण नळ सोडतो, म्हणतो,
तेव्हा आम्ही नमाज उरकून पुन्हा आडवे झालेले.
आणि मनगट पुढं करतो.
त्याच्या घड्याळात सव्वादहा.
कंट्रोलरच्या घड्याळात पावणेबारा.

दीड तास.
मला कळायला वेळ लागत नाही,
माझ्याही मोबाइलमध्ये दुसरं घड्याळ आहे,
खाली बारीक अक्षरांत 'घर' लिहिलेलं.

म्हणजे खळगा चार दहाचा.
म्हणजे फजर.
बंदरापासून कामगारांच्या खोल्यांपर्यंत
एकदम सुटलेले नळ, कोपरांवर चढवलेल्या बाह्या,
वजू करणारी अख्खी वस्ती
माझ्या पडद्यावर अर्ध्या बारची.
आणि तो तीस दिवसांचा पसरटपणा,
सेहरीची भांडी.
सूर्य सरकतोय, एवढंच.
अहवालात 'कारण' या रकान्यात हे कसं लिहायचं
ठाऊक नाही.

त्या खळग्यात एक ओंजळ परकारांचीही असणार.
शोधायला गेलो. नव्वद दिवस मागं जाता येतं.
त्यांना जाऊन सव्वाशे झाले.
त्यांच्यावरून लिहून झालंय,
दर दहा सेकंदांनी.

राहिलं ते घड्याळ.
इथं साडेतीनला पाळी सुटताना
तिकडं पाचाची शाळा सुटून
नात तरीत बसली असेल,
हे बघायला सोपं जात असेल.
मुद्दाम केलं की चुकून राहिलं,
फोन करून विचारता येईल.
नको.

ऑफिसला खरी वेळ हवी.
फिरव, खमीस म्हणतो.
फिरवतो. सेव्ह. होय. नक्की? होय.
आणि कंट्रोलर मुकाट्यानं
तोच दीड तास पुन्हा लिहायला बसतो.
उद्या कुणी इतिहास उघडला
तर आजच्या तारखेला दहा वीस दोनदा सापडतील,
एकावर एक दोन रेघा,
वेगवेगळ्या.

यातली खरी कुठली?
खमीस बी तोंडातून काढून मुठीत धरतो, वाट बघतो.
मी पॅनेलचं दार लावायला घेतो.
पेन्सिलीतला पासवर्ड पुसायचा होता.
त्यातल्या आठाची शेपटी भलतीच लांब गेलीय,
लिहिताना कुणी हाक मारली असावी.