एक जून

बर दुबईत, हॉटेलच्या मागच्या जिन्याखाली
माझं स्टूल. हातात छोटा टॉर्च.
काम एकच, वजाबाकी.
कार्ड घ्यायचं, उजेड मारायचा,
आजच्या तारखेतून जन्मतारीख काढायची.
एकवीस उरले तर दार.
वीस उरले तर ‘सॉरी बाबा’, तेही हसून.

आतल्या लोकांत यावरून रोज जुंपते.
मारिविक म्हणते, आमच्याकडे अठरा.
बिजू म्हणतो, केरळात तेवीस, आणि तरी बघ.
एक जर्मन म्हातारा सांगतो, सोळाव्या वर्षी
बापानेच बिअर ओतली,
ग्लास तिरका कसा धरायचा तेही शिकवलं.
मला विचारलं की मी म्हणतो, पंचवीस,
आणि सगळे हसतात.
राहतो मी शारजात.
तिथे रस्ता ओलांडला की प्रश्नच मिटतो.

मी नवव्या वर्षी गेलो होतो आणायला.
रॉकेलची बाटली, तोंडाला केळीच्या पानाचं बूच.
भट्टीवाल्याने वय विचारलं नाही,
‘कोणाचा रे?’ एवढंच.
बापाचं वय शेवटी डॉक्टरने विचारलं.
बेचाळीस, म्हणालो.
त्याने पुन्हा विचारलं.

एकतीस मे. रात्रीचे अकरा वीस.
परळीकडचा पोरगा, वैजनाथ, पायाडावरचा,
नखांत सिमेंट, शर्टावर नव्या घडीच्या रेघा.
बरोबरचे दोघे आत गेलेले.
कार्डावर एक जून.
एक दिवस कमी.
‘चाळीस मिनिटं थांब,’ मी म्हणालो.
‘काका, ती तारीख खरी थोडीच आहे,
गुरुजींनी लावली. आई म्हणते, मी पोळ्याचा.’
‘कुठल्या सालच्या?’
‘ते तिला आठवत नाही. बैलांची शिंगं रंगवत होते म्हणे.’

मी काय बोलणार.
माझ्याही कार्डावर एक जूनच.
आमच्या सबंध वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी;
गुरुजींना दाखले भरून एसटी गाठायची होती.
झिलूचा जयवंतही मी त्याच दुपारी झालो.

म्हणजे पोळा धरला तर हा
नऊ महिन्यांपूर्वीच एकविसाचा,
नाहीतर अजून तीन महिने विसाचा,
आणि ज्याला स्वतःचा ऋतू ठाऊक नाही
तो दारात बसून याची मिनिटं मोजतोय.

खुर्ची दिली. लिंबूसोडा आणला, माझ्या पैशाने.
घोट घेत तो म्हणाला,
मत द्यायला अठरा, लग्नाला एकवीस,
प्यायला आपल्याकडे पंचवीस.
‘आणि कोयता धरायला, काका?’
मी टॉर्च उगाच चालू-बंद केला.

पावणेबाराला फोरमनचा फोन, सोनापूरची बस निघतेय.
तो उठला. शर्ट झटकला.
‘राहू द्या. तसंही मला वासानेच मळमळतं.
सगळे निघाले म्हणून आलो होतो.’

बाराला माझा मोबाइल थरथरला.
बँक. वाढदिवसाच्या शुभेच्छा, जयवंत.
त्याच्याही खिशात, अंधाऱ्या बसमध्ये,
कुठलीतरी बँक थरथरली असेल.

ग्लासच्या तळाशी लिंबाच्या दोन बिया.
पुढच्याने कार्ड पुढे केलं.
उजेड मारला, आकडे मांडले.
तारीख बदलली होती,
हातचा घ्यायचा राहूनच गेला.