दिसला, ऐकला

हिंगण्याच्या पुढे रस्ता काळोखातच वळतो.
इर्शादच्या व्हॅनची मागची काच सहा वर्षांपासून अर्धीच चढते,
आम्ही तिघं, मांड्यांवर एकच शाल,
आणि वैरागडे बाईंच्या पिशवीत
खारे शेंगदाणे, डोळ्यांत घालायचे थेंब,
गळ्यात दुर्बीण,
तीही आता नुसती सवय म्हणून.

झिल्पीच्या पाळीवर उतरलो तेव्हा
तलाव धुक्याखाली झाकलेला.
पिंकेशनं तिपाई उभी केली, टेलिस्कोप बसवला,
एक डोळा मिटला, मग दुसरा.
"काहीच दिसून नाही राहिलं."
"मग कान लाव," बाई म्हणाल्या.
आणि मोजायला लागल्या:

डावीकडे अडई, शिट्ट्या घालतायत, तीस तरी धर.
गवतात जांभळी पाणकोंबडी,
तिचं घरात कोणाशीच पटत नाही.
हळदी-कुंकू, एक जोडी, दगडांच्या बाजूला.
शेकाटे. किती ते नंतर सांगते.
टिटवीचं लिही, पण ती काय म्हणते ते लिहू नकोस,
आपल्यालाच शिव्या आहेत त्या.

मी लिहीत गेले.
कागदावर दोन रकाने: दिसला, ऐकला.
बाईंचा पहिला रकाना
दोन हिवाळे कोरा.
नजरेच्या मधोमध एक डाग आहे म्हणतात,
ज्याच्याकडे पाहावं नेमका त्याच्यावर जाऊन बसतो.
कडांना थोडं दिसतं अजून.
"कडेकडेनं पाहते. चोरासारखी."
हे सांगताना त्या हसतात.
मला काय करायचं ते कळत नाही,
मी पेन्सिलीला टोक करते.

एमआयडीसीच्या धुराड्यांमागून ऊन आलं
आणि अडईंची शिट्टी तुटली.
मध्येच. वाक्य अर्धं सोडून कोणी उठून जावं तशी.
शेकाटे गप्प.
चांदवे पाण्यावर पाय आपटत एकमेकांत घुसले,
ओल्या टाळ्या, ओल्या टाळ्या,
मग सगळा तलाव एकदम वर झटकला गेला.

"भोवत्या," बाई म्हणाल्या.

पिंकेश आभाळ चाळत होता.
"वर नको रे. लव्हाळ्याच्या उंचीला बघ.
उजवीकडून. घाई नसेल तिला."

नव्हतीच.
तपकिरी मादी, डोक्यावर सायीचा रंग,
पंख जरासे वर धरलेले,
चिखलातून जाताना बायका काठ उचलतात तितकेच.
एक फेरी घातली. काही पकडलं नाही.
आवाज म्हणाल तर शून्य.
इर्शाद थर्मासचं झाकण हातात घेऊन तसाच उभा,
पिंकेशचे सतरा फोटो.
बाईंचं तोंड भलत्याच दिशेला,
रिकाम्या पाण्याकडे,
जिथून सगळे उडून गेले होते तिकडे.

मग माझी पेन्सिल अडली.
संध्याकाळपर्यंत कागद सेमिनरी हिल्सला द्यायचे,
आणि बाईंच्या नावासमोर भोवत्या कुठे लिहू?
दिसला नाही.
बोलला नाही, तर ऐकला कसा?
"टाका ना दिसलामध्ये," पिंकेश म्हणाला, "कोण विचारते?"
बाई क्षणात बत्तीस वर्षं मागे, सातवी ब च्या वर्गात:
"मोजणी आहे ती. लग्नाची पत्रिका नाही,
कोणाचंही नाव टाकायला."

परतताना हिंगण्यात तर्री-पोहे.
कागद माझ्या मांडीवर, ती ओळ तशीच.
तिखटानं नाक पुसत बाईंनी विचारलं,
"डोळे कसे होते तिचे?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
डोळे कोणी पाहिले नव्हते.

पिंकेशनं बारावा फोटो ताणून मोठा केला,
आणखी मोठा,
पक्षी फुटून चौकोन झाला, चौकोनांत एक गडद ठिपका.
"पाहू," म्हणत बाईंनी फोन घेतला,
तोंडासमोर नाही,
कानाच्या बाजूला, हात लांब करून धरला
आणि मान सरळ ठेवून
समोरच्या भिंतीवरच्या टायरच्या जाहिरातीकडे
पाहत राहिल्या,
पोहे निवेपर्यंत.