पाचवी नदी

तय्यब बागवानाच्या भंगारात
एकवीस किलो संगणक मिळाले.
किलोला चाळीस रुपये, पोतं माझं.
पुरात बुडालेल्या कुठल्याशा पतसंस्थेचे;
एकावर अजून चिठ्ठी, ‘मुदत ठेव विभाग’,
आणि पत्रा उघडला तर आत
पंचगंगेचा गाळ, वाळून तडकलेला,
पंख्याच्या पात्यांपर्यंत.

टूथब्रशनं खरवडला. आईचा, जुना.
म्हणजे मला जुना वाटला.

पप्पा उद्यमनगरात लेथवर, अठ्ठावीस वर्षं.
केसाचा दहावा भाग त्यांना बोटाला कळतो.
दारात उभं राहून बघत होते. म्हणाले,
“चालू करायला सगळीच शिकत्यात.
बंद कसं पडतंय ते बघ आधी.”

ते बघायला फार थांबावं लागलं नाही.
दोन मशीनना एकच पत्ता दिला मी,
आणि पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी उभा,
टपाल हातात, आत भांडण.
मग केबल: पांढरा-केशरी, केशरी,
पांढरा-हिरवा, निळा,
पाढा म्हणत आठ तारा सोलल्या, दातांनी
(दातांनी सोलू नयेत).
एक तार इकडची तिकडं झाली की दिवा लागत नाही,
आणि का लागत नाही
हे रात्री दीड वाजता विचारायला कुणी नसतं.

नावं ठेवली: कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती.
मधल्या स्विचचं नाव चिखली,
सगळ्या तिथं येऊन मिळतात म्हणून.
पाचवी सरस्वती, ती गुप्त.
चौथीच्या सहलीत बाईंनी दाखवली होती,
“ती बघा,” आणि आम्ही चाळीस पोरी
नुसत्या पाण्याकडं बघत राहिलो.
आता ती भोगावतीच्या पोटात चालते.
पत्रा नाही, पंखा नाही, वायर नाही,
तरी हाक मारली की ओ देते:
चौसष्ट बाइट, मिलिसेकंदाच्या आत.
बाईंना कळवावंसं वाटलं.

मग एका रविवारी एक अक्षर चुकलं.
बी च्या जागी ए.
पुसली गेली ती डिस्क ताईच्या डोहाळजेवणाची.
बॅकअप होता. रोज रात्री घेत होते.
परत काढून मात्र कधी बघितला नव्हता.
उघडला: शून्य बाइट.
एकतीस रात्रींचे एकतीस डबे,
झाकणं घट्ट, आत काही नाही.

ताई आठ दिवस बोलली नाही.
पप्पांनी हत्यारांच्या पेटीच्या तळातून
पितळेचा एक जॉब काढून टेबलावर ठेवला.
चकचकीत, आणि अर्धा सूत कमी.
“माझा हाय. शहाण्णव सालचा.
पैसं पगारातनं कापलं मालकानं,
मग म्हटलं, माल तर माझाच झाला.”
आईलासुद्धा माहीत नव्हतं.

तो आता माझ्या वहीवर असतो, पानं उडू नयेत म्हणून.
वहीत तारखेवार चुका. शेवटचा रकाना:
‘परत काढून बघितलं का?’
दर शनिवारी भरते.
दोन शनिवार कोरे आहेत, खोटं कशाला लिहू.

काल रात्री लाइट गेली.
चारही पंखे थांबले, आणि एवढ्या महिन्यांत
पहिल्यांदा घड्याळ ऐकू आलं.
आली तेव्हा कासारी उठली, मागून कुंभी,
तुळशी एकदा अडखळून,
भोगावती सावकाश.
पलीकडच्या खोलीतून पप्पा, अर्धवट झोपेत:
“पाचवी आली का गं?”

थांबा की.
हाक मारलीय.